पाईपच्या गंज तपासणीत फसवणूक कशी होते : राजारामपुरीतला एक प्रकार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या बावीस फ्लॅटच्या एका अपार्टमेंटमध्ये गेल्या वर्षी ‘मोफत पाईप गंज तपासणी’ झाली. सकाळी नळाला तांबूस पाणी येत होतं, ती तक्रार खरीच होती. तपासायला आलेल्यांनी दोन तासांत सगळी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची) लाईन ‘संपत आलीय’ असा रिपोर्ट दिला आणि वर्षाला ४८ हजारांचा देखरेखीचा करार करून घेतला. टाकीत टाकायच्या औषधाचे पैसे वेगळे. त्यांनी आणलेली उपकरणं खरी होती, पण ती वापरताना लबाडी केली.

सुरुवात दोन ग्लासांनी झाली. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांनी बरोबर आणलेलं आरओचं. विजेच्या सळया बुडवल्यावर नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी झालं. “काकू, बघा, हा तुमच्या पाईपातला गंज!” तो गंज त्या यंत्राच्याच लोखंडी सळईचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई विरघळते आणि गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही तसंच होईल.

खरा घात जाडी मोजण्यात झाला. अल्ट्रासोनिक यंत्र पाईपात ध्वनी सोडून तो परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी काढतं, त्यामुळे पाईप कशाचा आहे त्याप्रमाणे त्यात ध्वनीचा वेग भरावा लागतो. लोखंडी पाईपसाठी तो सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. इथं यंत्र पीव्हीसीच्या २४०० वर ठेवलं होतं. एक इंची मीडियम पाईपची (निळा पट्टा) जाडी ३.२ मिमी असते. या वेगाला तोच नवा पाईप १.३ मिमी दाखवतो. रिपोर्टमध्ये नेमका हाच आकडा होता, आणि प्रत्येक मजल्यावर एकसारखा. गंज असा सगळीकडे मोजून मापून लागत नाही. मोजणी सुरू होण्याआधी स्क्रीनवरचा वेग वाचा आणि यंत्रासोबतच्या, जाडी माहीत असलेल्या ठोकळ्यावर रीडिंग घ्यायला लावा. रंग खरवडून, जेल लावून, पाईपभोवती चार बाजूंना मोजलं पाहिजे. रंग तसाच ठेवला तर उलट जाडी जास्त दिसते.

कराराप्रमाणे दर तीन महिन्यांनी ‘कूपन’ तपासायचं होतं. कूपन म्हणजे आधी वजन करून पाण्यात ठेवलेली धातूची पट्टी. वजन किती घटलं त्यावरून गंजाचा वेग निघतो. इथं पट्टी दोरीनं वरच्या टाकीत लोंबकळत होती. तिच्यावर नंबर नव्हता आणि सुरुवातीचं वजन कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग घट कशातून वजा केली? शिवाय टाकीत पाणी पाईपातल्यासारखं वाहत नाही. पट्टी लाईनला जोडलेल्या पीव्हीसी बायपासमध्ये (बाजूनं काढलेल्या पाईपात), नायलॉन बोल्टवर, दुसऱ्या धातूला न चिकटता बसवावी लागते. साधी लोखंडी पट्टी जस्त गेलेल्या जागेबद्दलच सांगते, म्हणून जीआयला जस्ताचीही एक हवी. ९० दिवसांनी गंज साफ करून वजन करायचं. गुजरीतल्या सराफांकडचा एक मिलीग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा त्याला पुरतो. घट (मिग्रॅ) गुणिले ८७.६, भागिले घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी), क्षेत्रफळ (चौ. सेंमी) आणि तास यांचा गुणाकार. बावीस चौ. सेंमीच्या लोखंडी पट्टीची २१६० तासांत ५० मिग्रॅ घट म्हणजे वर्षाला साधारण ०.०१२ मिमी. हे सरासरी झिजेचं उत्तर आहे, पट्टीवरचे खड्डे डोळ्यांनीच बघावे लागतात.

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी आल्यापासून पाईप खातंय, असंही सांगितलं गेलं. हे ताडून बघणं सोपं आहे. रात्रभर बंद असलेल्या नळाचं पहिलं पाणी, पाच मिनिटं सोडल्यानंतरचं पाणी आणि खालच्या टाकीचं पाणी अशा तीन बाटल्या भरून लोहासाठी लॅबला द्या. पहिल्या बाटलीतच लोह जास्त निघालं तर दोष इमारतीच्या लाईनचा. पावसाळ्यात तिन्ही सारख्या गढूळ असतील तर ती नदीची माती.

शेवटी प्लंबरनं राईझरमधून (मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाईपातून) फूटभर तुकडा कापला आणि उद्यमनगरात तो उभा चिरून घेतला. साफ केल्यावर जाडी भरली २.९ ते ३.१ मिमी. खाल्ला गेला होता तो पितळी व्हॉल्व्हलगतचा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला जोडाचा छोटा तुकडा. आटे पाडताना तिथलं जस्त निघून जातं, जाडीही कमी होते आणि पितळ शेजारी असल्यानं लोखंड आधी झिजतं. असे तीन निपल बदलले आणि तांबूस पाणी थांबलं.

सगळ्यात संताप येतो तो औषधाच्या कॅनचा. त्यावर ना घटक लिहिलेले, ना प्रमाण, आणि हे पाणी लहान मुलं पीत होती. असलं काही टाकीत पडलं असेल तर टाकी रिकामी करून धुवा, पण एक कॅन सीलबंद ठेवा. तो, पावत्या, करार आणि पट्टीचे फोटो सांभाळून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं.