समोर नसलेल्यांचे आवाज : लिब्रिव्हॉक्सवरील जुन्या प्रणयकथा, इतिहासकथा आणि भूतकथा

प्रणयकथा, ऐतिहासिक कादंबरी आणि भूतकथा यांचे वाचक वेगवेगळे असतात असे सहसा गृहीत धरले जाते, आणि पुस्तकविक्रेत्यांपासून ऑडिओबुकच्या ॲपपर्यंत सर्वत्र त्यांचे कप्पेही वेगळे ठेवलेले असतात. माझ्या मते या तिन्हींची ओढ मुळात एकच आहे. जे माणूस किंवा जो काळ आता आपल्यापाशी नाही, तो काही तासांपुरता पुन्हा हजर व्हावा, ही ती ओढ. प्रणयकथेत दुरावलेले माणूस परत येते, ऐतिहासिक कादंबरीत सरलेला काळ आणि भूतकथेत मेलेला जीव. विशेष असे की या जातीच्या जुन्या कथांमध्ये ही परतणारी गोष्ट पुष्कळदा दिसण्याआधी ऐकू येते. म्हणूनच या कथांसाठी एखादी श्राव्य सेवा कितपत योग्य आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि लिब्रिव्हॉक्स या मोफत सेवेचे हे परीक्षण त्याच प्रश्नाभोवती आहे.

लिब्रिव्हॉक्सची सुरुवात २००५ साली ह्यू मॅग्वायर यांनी मॉन्ट्रिऑलमधून केली. कॉपीराइट संपलेली पुस्तके जगभरचे स्वयंसेवक स्वतःच्या घरी बसून वाचतात, दुसरे स्वयंसेवक ती ध्वनिमुद्रणे ऐकून तपासतात आणि तयार पुस्तक इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात ठेवले जाते. नावनोंदणी, वर्गणी, जाहिरात यांपैकी काहीही आड येत नाही. ध्वनिमुद्रणांवर संस्था स्वतःचाही हक्क राखत नाही, त्यामुळे ती कोणीही उतरवून घ्यावीत आणि वाटावीत. वाचून दाखवणाऱ्या वाचकाची निवड आवाजाच्या गुणवत्तेवर होत नाही; वाचन समजण्याजोगे असले की पुरे. या एका धोरणामुळे सेवेचे मोठे गुण आणि मोठे दोष दोन्ही निर्माण होतात.

गुण प्रथम सांगावेत, आणि ते भूतकथेपासून सांगणे सोयीचे आहे. एम. आर. जेम्स हे मध्ययुगीन हस्तलिखितांचे गाढे अभ्यासक होते, आणि त्यांच्या अनेक भूतकथा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास जमलेल्या मित्रांना वाचून दाखवण्यासाठी लिहिल्या गेल्या. १९०४ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहात एक प्राध्यापक टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या पडक्या वास्तूत सापडलेली शिटी वाजवतो आणि त्यानंतर त्याच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर कोणीतरी वावरू लागते. ही कथा डोळ्यांनी वाचताना आपण नकळत वेग वाढवतो आणि शेवटाकडे धावतो. ऐकताना तसे करता येत नाही, कारण वेग निवेदकाच्या हाती असतो आणि जेम्स यांची सगळी कारागिरी त्या वेगातच आहे. आधी निवांत, रोजच्यासारखे वातावरण रंगवायचे, मग त्यात अनिष्ट गोष्टीने जरासे डोके वर काढायचे आणि हळूहळू सारे व्यापायचे, हे त्यांचे सूत्र होते. भूतकथेभोवती काळाचे थोडे धुके असावे, ती तीस वर्षांपूर्वी घडली असे म्हणता यावे, असेही त्यांचे मत होते. इथे इतिहास हा देखावा राहत नाही. शिटीवरची लॅटिन अक्षरे खरी वाटतात म्हणून पलंगावरची हालचाल खरी वाटते. लिब्रिव्हॉक्सवरचे साधे, नट नसलेले, किंचित संकोची आवाज या कथांना फार शोभतात, कारण त्यांत एखाद्या विद्वान गृहस्थाने मित्रांना काही वाचून दाखवावे तसा सूर आपोआप लागतो.

या सेवेचा खरा कस मात्र १८४७ साली काही आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्यांवर लागतो. शार्लट ब्रॉन्टे यांच्या ‘जेन एअर’मध्ये शेवटाकडे एक प्रसंग आहे. नायिका जेन दुसऱ्याच माणसाच्या लग्नाच्या आग्रहापुढे जवळजवळ नमते आहे, मेणबत्ती विझत आली आहे, खोलीत चांदणे पसरले आहे आणि अशा वेळी कित्येक मैल दूर असलेल्या तिच्या प्रियकराचा, रॉचेस्टरचा आवाज तिला तीनदा आपले नाव पुकारताना ऐकू येतो. ती उत्तर देते. पुढे रॉचेस्टर सांगतो की त्याच रात्री त्याने तिला हाक मारली होती आणि तिचे उत्तरही त्याला ऐकू आले होते. पण आपणही ती हाक ऐकली होती हे जेन त्याला सांगत नाही, ते स्वतःपाशीच ठेवते. प्रणयकथेतला मीलनाचा क्षण आणि अतींद्रिय अनुभव इथे एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. हा प्रसंग कानांनी अनुभवला की त्याची ताकद किती आवाजावर उभी आहे हे कळते. कादंबरीची संपूर्ण निवेदिका जेनच असल्यामुळे एकाच वाचकाने सलग केलेले वाचन इथे निवडणे अगत्याचे आहे. लिब्रिव्हॉक्सवर एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या असू शकतात. प्रत्येक प्रकरण वेगळ्या व्यक्तीने वाचलेली सामूहिक आवृत्ती ‘जेन एअर’साठी घेतली तर शेकडो पाने ओळखीचा झालेला माणूस ऐन वेळी बदलल्यासारखे होते आणि त्या हाकेचे मोल उरत नाही.

एमिली ब्रॉन्टे यांच्या ‘वदरिंग हाइट्स’चे गणित वेगळे आहे. ही कथा लॉकवुड नावाचा भाडेकरू लिहितो आहे, त्याला ती घरकाम पाहणारी नेली डीन सांगते आहे, आणि नेलीच्या सांगण्यात इतरांचे बोलणे व पत्रे येतात. कथेची सुरुवात १८०१ सालच्या नोंदीने होते आणि घटना त्याआधीच्या तीसेक वर्षांत पसरलेल्या आहेत, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हाही तो इतिहासजमाच होता. तिसऱ्याच प्रकरणात खिडकीबाहेरून एक बर्फासारखा गार हात लॉकवुडचा हात धरतो आणि एक मुलगी आत घेण्याची विनवणी करते. लॉकवुड भयाने क्रूर होतो. दिवंगत प्रेयसीसाठी झुरणारा घरमालक हीथक्लिफ मात्र तीच खिडकी उघडून, आत ये म्हणून, रडत त्या अदृश्य मुलीला बोलावतो. एकाला ज्याची भीती वाटते त्याचीच दुसऱ्याला तहान आहे, आणि भूतकथा व प्रेमकथा यांच्यातले अंतर खिडकीच्या एका गजाएवढे आहे, हे या एका प्रकरणाने जितके दाखवले तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. या कादंबरीत म्हातारा नोकर जोसेफ यॉर्कशरच्या बोलीत बोलतो. छापील पानावर त्याची वाक्ये अनेकांना दगडासारखी अडतात. बोलीची जाण असलेल्या वाचकाच्या तोंडी ती पटकन उलगडतात. बोली न जमणाऱ्या वाचकाच्या तोंडी मात्र ती आणखी अवघड होतात, आणि धोरणच सर्वांना दार उघडे ठेवण्याचे असल्याने अशी वाचनेही इथे आहेत.

सामूहिक वाचनाचा दोष जिथे पूर्णपणे गुणात बदलतो ते पुस्तक म्हणजे ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’. दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांनी ही कादंबरी बनलेली आहे, त्यामुळे आवाज बदलणे तिच्या रचनेतच आहे. वेगवेगळ्या देशांतले हौशी आवाज एकेक कागदपत्र वाचत जातात तेव्हा ते खरोखरच कोणीतरी गोळा केलेले पुरावे वाटू लागतात. रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला आपल्या घराण्याच्या जुन्या लढायांविषयी बोलतो तेव्हा तो त्या लढायांत स्वतः हजर असल्यासारखा बोलतो, हे त्याच्याकडे कामासाठी आलेल्या हार्कर या तरुण वकिलाच्या ध्यानात येते. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला जे हवे असते तेच इथे भयाचे कारण होते. याच कादंबरीत डॉक्टर सेवर्ड आपली दैनंदिनी फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यांत ध्वनिमुद्रित करतो. हार्करची पत्नी मीना ती ऐकते आणि त्या यंत्राने त्याच्या मनाची वेदना थेट सुरांतून ऐकवली असे सांगून, पुन्हा कोणाला ती तशी ऐकू येऊ नये म्हणून टंकलिखित करते. ध्वनिमुद्रित नोंदीतला नेमका भाग पुन्हा शोधायचा कसा, याचा आपण कधी विचारच केला नव्हता, हे सेवर्डच्याही तिथेच लक्षात येते. श्राव्य पुस्तकाची ही अडचण आजही तशीच आहे. मागे कोणत्या पत्रात कोणती तारीख होती हे पाहायला कानांना पाने चाळता येत नाहीत. लिब्रिव्हॉक्सच्या पुस्तकपानावर मूळ मजकुराचा दुवा दिलेला असतो, तो बहुधा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळाकडे नेतो, आणि ‘ड्रॅक्युला’ ऐकणाऱ्याने तो उघडा ठेवलेला बरा.

हेन्री जेम्स यांची १८९८ सालची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा या सेवेची सर्वांत नाजूक परीक्षा आहे. तिच्या चौकटीतच एक माणूस एका दिवंगत शिक्षिकेचे हस्तलिखित जमलेल्या मंडळींना वाचून दाखवतो. तिला दिसलेली भुते खरी की तिच्या मनाची, हा प्रश्न लेखकाने उघडा ठेवला आहे, आणि वाचनाचा सूर तो एका क्षणात मिटवू शकतो. कापरा, भेदरलेला आवाज लावणाऱ्याने तिला वेडी ठरवलेलेच असते. इथे सपाट, संयत वाचन निवडावे. नाट्यमय आवाजाच्या मोहात पडू नये.

ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. वॉल्टर स्कॉट यांची १८१४ सालची ‘वेव्हर्ली’ १७४५ च्या जॅकोबाइट उठावाची, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या बंडाची गोष्ट सांगते, आणि साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असे तिच्या उपशीर्षकातच आहे. उठाव फसला हे वाचकाला आधीच ठाऊक असते, तरी त्यात सापडलेल्या तरुणाचे काय होईल हे ठाऊक नसते, आणि या दोन जाणिवांच्या मधल्या जागेत ऐतिहासिक कादंबरीचा सारा रस असतो. पण पहिली काही प्रकरणे फारच संथ आहेत. जुन्या राजकारणाने वाचकांना इतका वेळ छळल्याबद्दल स्कॉट स्वतःच पाचव्या प्रकरणात क्षमा मागतात. ज्याला ऐकण्याची सवय नाही त्याने स्कॉटपासून सुरुवात केली तर तो तिथेच थांबण्याची भीती आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची १७९४ सालची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ तर याहून लांबलचक आहे. उडोल्फोच्या किल्ल्यातल्या काळ्या पडद्याआड काय आहे याचे उत्तर मिळेपर्यंत ऐकणाऱ्याची कसोटी लागते, तरी अस्पष्टतेतले भय मनाला विस्तारते आणि उघड भीषणता ते आखडून टाकते हा त्यांचा विचार या पुस्तकात प्रत्यक्ष काम करताना अनुभवता येतो.

आता सेवेच्या मर्यादा. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी हे लिब्रिव्हॉक्सचे ध्वनिमुद्रण असल्याची घोषणा येते. ती छोटी आणि योग्य कारणासाठी आहे. तरीही एक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर संपून दुसरे सुरू होताना ती रसभंग करते. ध्वनीची प्रत घराघरांतल्या साधनांप्रमाणे बदलते, क्वचित पार्श्वभूमीला घरघर असते. त्याहून मोठी मर्यादा कॉपीराइटची आहे. सेवा अमेरिकी कायद्यानुसार चालते, आणि तिथे १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या पुस्तकांचा हक्क संपायला सर्वसाधारणपणे ९५ वर्षे लागतात, तर नंतरच्या पुस्तकांचा सहसा लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी संपतो; इतर देशांतल्या श्रोत्यांनी आपापला कायदा पाहावा असे संस्थाही सांगते. परिणामी या तीन प्रकारांत मागच्या शतकाच्या उत्तरार्धात झालेले सारे मोठे काम इथे गैरहजर आहे. टोनी मॉरिसन यांच्या १९८७ सालच्या ‘बिलव्हेड’मध्ये गुलामगिरीचा इतिहास एका मृत मुलीच्या रूपाने घरात परततो. १८५६ साली गुलामगिरीतून निसटलेल्या आणि पकडल्या जाण्याच्या क्षणी आपल्या मुलीला मारणाऱ्या मार्गारेट गार्नर यांच्या खऱ्या घटनेतून ती कादंबरी सुचलेली आहे. जुन्या कथांमध्ये कोणाच्या मृतांना परतण्याचा मान मिळाला आणि कोणाच्या नाही, हे कळण्यासाठी अशी पुस्तके ऐकणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी दुसरीकडेच जावे लागेल. लिब्रिव्हॉक्सच्या यादीत इंग्रजीचे प्रमाण फार मोठे आहे, हेही इंग्रजी सराईतपणे न ऐकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

एवढे असूनही या तीन प्रकारांच्या चाहत्याला मी ही सेवा मनापासून सुचवेन. एक पथ्य मात्र पाळावे: कोणतेही पुस्तक उतरवण्यापूर्वी पहिले आणि मधले अशी दोन प्रकरणे ऐकून आवृत्ती ठरवावी, कारण पुस्तकाइतकीच वाचकाची निवड इथे आपल्या हाती असते. एम. आर. जेम्स यांच्या कथांनी आरंभ करावा, मग ‘ड्रॅक्युला’ सामूहिक किंवा नाट्यवाचनाच्या रूपात आणि ‘जेन एअर’ एकाच आवाजात ऐकावी. ‘वदरिंग हाइट्स’साठी जोसेफ ज्या प्रकरणांत बोलतो त्यांपैकी एखादे आधी ऐकून पाहावे. स्कॉट आणि रॅडक्लिफ शेवटी घ्यावेत, आणि तेही मूळ मजकूर समोर ठेवून.