परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी टेफल प्रमाणपत्र: कॉलेज रोडवरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका खासगी संस्थेत मी टेफलचा, म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांना ती भाषा शिकवण्याचा, १२० तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. परदेशातील नोकरीसाठी त्याचा उपयोग होतो का, असे शाळेतील अनेक सहकारी विचारतात. शिकायला काय मिळाले आणि नोकरीच्या बाजारात त्या कागदाला किती किंमत आहे, या दोन गोष्टींची उत्तरे वेगळी असल्यामुळे मी त्यांचे मूल्यमापनही वेगवेगळे करत आहे.

शिकवणे उत्तम होते, हे मी निःसंकोच सांगते. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचा धडा वाचायचा, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगायचा आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की बी.एड.च्या काळात टाचणवहीत लिहिलेली उद्दिष्टे वर्गात कधी उतरतच नाहीत. ‘समजले का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि आपण पुढच्या ओळीकडे वळतो. या अभ्यासक्रमात नेमकी हीच सवय मोडायला शिकवतात. ‘शी यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ हे वाक्य शिकवल्यावर समजले का, असे न विचारता ‘ती आता नाशिकमध्ये राहते का?’, ‘पूर्वी राहत होती का?’ असे छोटे प्रश्न विचारायचे, म्हणजे अर्थ कोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत नाही, हे उत्तरांवरूनच कळते. शिक्षकाने स्वतःचे बोलणे कमी करून विद्यार्थ्यांना जोडीजोडीने बोलायला लावणे आणि चूक लगेच सुधारायची की बोलणे संपल्यावर, याचा निर्णय घेणे, हेही तितक्याच बारकाईने शिकवले गेले. माझ्या सातवीच्या वर्गात या गोष्टींचा मला आजही उपयोग होतो.

उणीव आहे ती सराव पाठांत. येथे सराव पाठ सहाध्यायींसमोरच घ्यावे लागतात आणि इंग्रजी येणारी प्रौढ माणसे विद्यार्थी असल्याचा अभिनय करतात, त्यामुळे खऱ्या अडचणी समोर येतच नाहीत. इंग्रजी शिकवण्याच्या केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्रासाठीही किमान १२० तासच लागतात. मात्र त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावे लागते, त्या अध्यापनाचे निरीक्षण होऊन मूल्यांकन होते आणि शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तासांचे वर्ग पाहावे लागतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या प्रमाणपत्रातही ६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यामुळे जाहिरातीतील तासांचा आकडा सारखा दिसला, तरी परदेशातील जाणकार भाषासंस्था येथील कागद आणि ती प्रमाणपत्रे एका मापाने मोजत नाहीत. टेफल या नावावर कोणा एका संस्थेचा अधिकार नाही. कोणीही असे प्रमाणपत्र देऊ शकते, हे शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असायला हवे. येथील शुल्क सेल्टाच्या मानाने बरेच कमी आहे, हे मात्र खरे.

आता नोकरीविषयी. संस्थेच्या माहितीपत्रकात प्रमाणपत्र आणि परदेशी नोकरी शेजारीशेजारी छापली आहेत, आणि माझा मुख्य आक्षेप त्यावरच आहे. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांना मिळणारा व्हिसा, मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना वाट मिळते, पण त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अधिकृत शिक्षक पात्रता लागते. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांकडून जपान इंग्रजी माध्यमातील १२ वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा मागतो, त्यामुळे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांची अडचण कोणत्याही प्रमाणपत्राने सुटत नाही. आखाती देशांतील सीबीएसई शाळा बी.एड., विषयातील पदवी आणि अनुभव पाहतात. टेफलचा खरा उपयोग होतो तो व्हिएतनामसारख्या देशात, जिथे काम करण्याच्या परवान्याच्या कागदपत्रांत पदवीबरोबर अध्यापनाचे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

म्हणून पदवी आणि बी.एड. हाती असलेल्या शिक्षकाने हा अभ्यासक्रम अवश्य करावा, कारण त्याच्या अर्जाला त्याने वजन येते आणि शिकवणे निश्चितच सुधारते. पदवी नसलेल्या तरुणांनी मात्र आधी पदवी पूर्ण करावी. घरच्यांनी साठवलेला पैसा केवळ या कागदावर खर्च झालेला पाहणे मला फार क्लेशदायक वाटते. नोकरी मिळवून देणारा एजंट गाठायचा असल्यास त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

संस्थेला माझी एकच सूचना आहे. नाशिकमध्ये बोलण्यापुरते इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या गृहिणी, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील कामगार आणि महाविद्यालयीन मुले यांची वाण नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा मोफत वर्ग सुरू करून प्रत्येक प्रशिक्षणार्थीला तेथे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायला लावावे आणि त्या तासांची नोंद प्रमाणपत्रावर करावी.