मुलांना पोलिसांचा धाक दाखवायचा की ओळख करून द्यायची?

"जेव पटकन, नाहीतर पोलीसकाका घेऊन जातील." हे वाक्य घराघरांत चालतं, कारण ते लगेच लागू पडतं. त्याच्याच जोडीचं दुसरं वाक्य म्हणजे "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही." तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांना दोन्हींसाठी पर्याय आहे. निवडताना एवढंच बघा: दादर स्टेशनच्या गर्दीत हात सुटला, तर मूल त्या वाक्याच्या जोरावर काय करेल?

धाक की ओळख

धाकाचा फायदा एका जेवणापुरता. हात सुटलेलं मूल खाकी कपडे दिसताच लपायला बघतं आणि ज्याच्याकडे जायला हवं त्यालाच टाळतं. याहून गंभीर गोष्ट म्हणजे मुलांचं शोषण करणारी माणसं बजावतात, "कुणाला सांगितलंस तर पोलीस तुलाच पकडतील." घरी तेच ऐकलेल्या मुलाला ते पटतं आणि ते गप्प बसतं.

कायदा मात्र उलट सांगतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 नुसार गुन्हा ठरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 24 तर मुलांच्या भीतीचा विचार करूनच लिहिलंय: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवायचं नाही.

ओळख करून द्यायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. 2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन. त्या सुमारास बऱ्याच ठाण्यांत शाळकरी मुलांना वायरलेस, बेड्या, शस्त्रं दाखवतात. एरवी बंदोबस्ताची धावपळ नसलेल्या दिवशी जवळच्या चौकीत विचारून दहा मिनिटं जाऊन या. बंदूक खरी आहे का, चोर कुठे ठेवता, तुम्हाला भीती वाटते का, हे प्रश्न मुलाला स्वतःच विचारू द्या. आपण मध्ये बोललो की ते आईच्या मागे लपतं. छातीवरची नावाची पट्टी त्याच्याकडून वाचून घ्या. मुंबईत वाहतूक पोलिसाचा शर्ट पांढरा असतो, आणि सोसायटीच्या वॉचमनचा गणवेश लांबून पोलिसासारखा दिसू शकतो, हा फरक रस्त्यात दाखवत राहा.

एक अपवाद मनापासून मान्य करायला हवा. पारधी वस्त्यांसारख्या ठिकाणी मुलांनी पोलिसांच्या धाडी पाहिलेल्या असतात. तिथे "पोलीस आपले मित्र" हे वाक्य मुलाला खोटं वाटणारच. अशा मुलाला मदतीचं पहिलं माणूस म्हणून शाळेतल्या बाई, अंगणवाडी ताई किंवा 1098 ही चाइल्डलाइन शिकवा. ती मोफत आणि चोवीस तास चालते.

"बोलू नको" की "विचारल्याशिवाय जाऊ नको"

अनोळखी माणूस म्हणजे दिसायला भयंकर, असं लहान मुलाच्या डोक्यात असतं. दोनदा चॉकलेट दिलेला काका त्याच्या लेखी अनोळखी राहतच नाही. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. म्हणजे हा नियम नेमका जिथे लागतो तिथे कामाचा नाही. हरवलेल्या मुलाची तर त्याने कोंडीच होते, कारण भोवती सगळेच अनोळखी.

परक्या माणसाच्या भीतीने मोठ्यांचाही तोल जातो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांबद्दलचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड मुलांसमोर मोठ्याने वाचू नका.

पर्याय असा: "मला विचारल्याशिवाय कुणाबरोबर जायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि आईबाबांना सांगायचं नाही असं गुपित कुणाचंही ठेवायचं नाही." हा नियम मामाला, शेजाऱ्यांना, व्हॅनच्या ड्रायव्हरला आणि पोलीस म्हणवणाऱ्यालाही लागू. गणवेशातल्या माणसाबरोबर निघण्याआधीही "आधी आईला फोन लावा" म्हणायला शिकवा. सहा वर्षांपुढे घरचा एक परवलीचा शब्द ठेवता येतो, पण मुलं तो वर्गात सांगून टाकतात. एकदा वापरला की बदला.

आमचा कौल स्पष्टपणे परवानगीच्या नियमाला आहे.

नंबर पाठ की जीपीएस घड्याळ

घड्याळाचं चार्जिंग संपतं, गर्दीत नेटवर्क जातं, आणि ते हातातून काढणं सोपं असतं. असेल तर वापरा, पण नंबर पाठ हवाच. दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून घोकून घ्या आणि रोज एकदा फोनच्या कीपॅडवर दाबून घ्या. नुसतं म्हणता येणारं मूल बटणं दाबताना अडखळतं, कारण घरी ते "आई" या नावावर बोट ठेवून फोन लावतं. आईचं पूर्ण नावही पाठ हवं. गर्दीत "आई" म्हटल्यावर दहा बायका वळतात, नावाने हाक मारली की एकच वळते. नंबर लिहिलेली पट्टी मुलाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर नाव लिहिलं, तर कुणीही त्याला नावाने हाक मारू शकतं.

लोकलसाठी वेगळी तालीम लागते. मूल फलाटावर राहिलं आणि आई गाडीत गेली, तर मुलाने तिथेच थांबायचं. आई पुढच्या स्टेशनवर उतरून परत येते आणि तोवर रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर कळवते. मूल गाडीत राहिलं, तर डब्यातल्या मुलंवाल्या बाईला सांगून पुढच्या स्टेशनवर तिच्याबरोबर उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं. विचारल्याशिवाय न जाण्याच्या नियमाला ही एक सूट, आणि ती आधीच बोलून ठेवावी लागते. आई मागच्या गाडीने येते.