ओसाकात मुक्काम कुठे करावा: उमेदा की नांबा?

ओसाकाला दोन मध्यवर्ती भाग आहेत: उत्तरेला उमेदा, दक्षिणेला नांबा. मिदोसुजी मेट्रोने एकातून दुसऱ्यात पोचायला ९-१० मिनिटं पुरतात. त्यामुळे ओसाकाचा किल्ला कुठून जवळ आणि मत्स्यालय कुठून, हे मोजत बसू नका. शहरातलं बहुतेक सगळं दोन्हीकडून अर्ध्या-पाऊण तासात गाठता येतं. मुक्कामाची जागा ठरते ती दोन गोष्टींवर: शहराबाहेर कुठे जाणार आहात आणि विमानतळावरून कसे येणार आहात.

क्योतो, कोबे, हिमेजी मनात असेल तर उमेदा. तिथल्या जपान रेल्वेच्या (जेआर) ओसाका स्टेशनवरून ‘शिनकाइसोकु’ ही जलद गाडी क्योतोला साधारण अर्ध्या तासात आणि हिमेजीला तासाभरात नेते, साध्या तिकिटावर. क्योतोतल्या गिओन या जुन्या वस्तीलाच जायचं असेल तर हांक्यूची गाडी घ्या (हांक्यू, हान्शिन, किंतेत्सु, नानकाई, केइहान या खासगी रेल्वे कंपन्या). पाऊण तास लागतो, पण भाडं कमी आहे आणि क्योतो-कावारामाची स्टेशनवरून नदी ओलांडली की गिओन.

नारा आणि बौद्ध मठांचं डोंगरावरचं गाव कोयासान यांसाठी मात्र नांबा. किंतेत्सुची गाडी ओसाका-नांबाहून सुमारे ४० मिनिटांत नाराला पोचते, आणि किंतेत्सु-नारा स्टेशन हरणांच्या बागेच्या बरंच जवळ आहे. जेआरच्या नारा स्टेशनवरून चालणं वाढतं. कोयासानची नानकाई गाडीही नांबाहूनच सुटते. नांबात राहून क्योतोला जायचं असेल तर उमेदापर्यंत जाऊ नका. मिदोसुजीवरच्या योदोयाबाशीला उतरून केइहानची गाडी पकडा. ती तिथूनच सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाला मात्र सर्वांत जलद गाडी थांबत नाही, तांबाबाशीला बदलावी लागते.

कान्साई विमानतळावरून नानकाईची ‘रॅपिट’ सुमारे ४० मिनिटांत नांबाला आणते. साधी एक्स्प्रेस थोडी हळू पण स्वस्त. २०२३ पासून जेआरची ‘हारुका’ ओसाका स्टेशनलाही थांबते, त्यामुळे उमेदाची जुनी अडचण बरीच कमी झाली. परतताना जेआरची स्वस्त जलद गाडी घेतलीत तर डबा नीट बघा: हिनेनो स्टेशनवर गाडी दोन भागांत तुटते. १ ते ४ क्रमांकाचे डबे विमानतळाला जातात, बाकीचे वाकायामाला. चुकीच्या डब्यात बसून विमान हुकू शकतं.

उमेदात हमखास गोंधळ होतो तो स्टेशनांच्या नावांचा. जेआरचं ओसाका, मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा ही तीन, शिवाय हांक्यू आणि हान्शिनची. सगळी भुयारी बाजारांनी जोडलेली, आणि जमिनीखाली दिशा कळत नाही. हॉटेलला विचारायचा प्रश्न ‘स्टेशन कोणतं’ एवढाच नाही, ‘बाहेर पडायचा रस्ता क्रमांक कितवा आणि लिफ्ट कुठे’ हाही आहे. मेट्रोच्या या तीन स्टेशनांमध्ये ३० मिनिटांत गाडी बदलली तर प्रवास एकच धरतात. कागदी तिकीट असेल तर हिरव्या गेटनेच बाहेर पडा, साधं गेट ते आत ठेवून घेतं. नांबात जपायचं ते एवढंच: जेआर नांबा स्टेशन नानकाईपासून पश्चिमेला चांगलंच लांब आहे.

संध्याकाळी नांबाला तोड नाही. १६१५ मध्ये पूर्ण झालेल्या कालव्याच्या काठाचं दोतोंबोरी, होझेंजीची अरुंद दगडी गल्ली, शिनसाइबाशीचा छताखालचा बाजार, सगळं पायी. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात, म्हणून रात्री उशिरापर्यंत हिंडणाऱ्यांनी इथेच उतरावं. दोतोंबोरीला अगदी लागून असलेल्या हॉटेलात मात्र झोपेचं खरं नाही. त्यामानाने उमेदा शांत. १९९३ ची १७३ मीटर उंच स्काय बिल्डिंग, तिचं माथ्यावरचं उघडा गोल सज्जा असलेलं निरीक्षणस्थळ, आणि शेजारी २०२४ मध्ये खुली झालेली उमेकिता बाग. मुलं बरोबर असतील तर ही हिरवळ फार उपयोगी पडते.

शाकाहाऱ्यांसाठी दोन्ही भाग सारखेच अवघड. ताकोयाकीत ऑक्टोपस असतो हे ठाऊक असतं, पण ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्याच्या पिठात आणि उदोन या जाड नूडल्सच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. ‘भाजीचं’ म्हणून मागितलं तरी तो टळत नाही. दोन्हीकडे भारतीय उपाहारगृहं आहेत, आधी नकाशावर खूण करून ठेवा.

दोन्हीकडे खोल्या महाग पडत असतील तर तेन्नोजी बघा. हारुका थांबते, मिदोसुजी आहे, ३०० मीटर उंच आबेनो हारुकास इमारत स्टेशनावरच, ५९३ मध्ये स्थापन झालेलं शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर आणि त्सुतेनकाकु मनोरा चालत जाण्याजोगे. क्योतोला हारुका इथून थेट जाते, फक्त तिला जादा तिकीट लागतं.