औषध देण्याआधी टँकचं माप विचारणारं दुकान

शोभेच्या माशांच्या या दुकानातून मी मासे कमी आणि सल्ला जास्त घेतला आहे. पाच तारे देते आहे ते त्या सल्ल्यासाठीच. तुमच्याकडे कूली लोच, कॉरी असे नाजूक मासे असतील तर औषध तरी इथूनच घ्या.

इंदूरची जानेवारी. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि बाहेरच्या खोलीत ठेवलेल्या टँकचं पाणी पहाटेपर्यंत चांगलंच गार होतं. पाण्याचं तापमान असं एकदम उतरलं की माशांची ताकद कमी होते आणि ‘इच’ (परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) डोकं वर काढतो. आमच्या कॉरींच्या परांवर आणि शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. घराजवळच्या एका दुकानात गेले तर त्यांनी लेबल नसलेली निळी बाटली पुढे केली, “दो ढक्कन डाल दो.” कुठलं झाकण, किती लिटरला, आत औषध कुठलं, काही उत्तर नाही. बाटली तिथेच ठेवून मी राजवाड्याकडच्या या दुकानात आले.

इथे दुकानदार भैयांचा पहिला प्रश्न होता, “भाभी, टँक का नाप बोलो. और मछली कौन-कौन सी है?”

आमचा टँक शंभर लिटरचा म्हणून विकलेला. लांबी ९०, रुंदी ३०, उंची ३८ सेंटिमीटर. भैयांनी कागदावर उंचीतून तळाची पाच सेंटिमीटर वाळू वजा केली, वरचा तीन सेंटिमीटर रिकामा भाग वजा केला. उरले तीस. नव्वद गुणिले तीस गुणिले तीस, भागिले हजार, म्हणजे ८१ लिटर. त्यात लाकडाचा ओंडका आणि दगड, म्हणून ७५च धरा म्हणाले. शंभरच्या हिशेबाने औषध घातलं असतं तर ते एक तृतीयांशाने जास्त पडलं असतं. गोल्डफिश ते कदाचित सोसेल. लोचचं तसं नाही.

कूली लोचचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात. कॉरीला अंगावर हाडांचं चिलखत आहे, पण पोट उघडं. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन, तांबं ही औषधं अशा माशांना चटकन बाधतात. म्हणून बाटलीवर लिहिलेल्या मात्रेची निम्मी द्यायची, ती सुद्धा दोनदा विभागून, मधे काही तास मासे कसे वागतात ते बघून. झाकणाने मापायचं नाही. भैयांनी दोन मिलिलिटरची सिरिंज बाटलीबरोबरच दिली.

बाटली देण्याआधी त्यांनी ती उजेडात धरून तिचा तळ बघितला. औषधात फॉर्मेलिन असेल तर थंडीने किंवा जुनं झाल्यावर त्याचा पांढरा साका खाली बसतो, आणि तो माशांना मूळ औषधापेक्षा कितीतरी विषारी असतो. साका दिसलेली एक बाटली त्यांनी माझ्यासमोर बाजूला काढून ठेवली. दुकानदाराने स्वतःचा माल असा बाद करणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

मग पद्धत सांगितली. फिल्टरमधला कोळसा आधी काढायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. टँकचा दिवा बंद, कारण उजेडात मॅलाकाइट ग्रीनचा जोर कमी होतो. हीटर एकदम वर न्यायचा नाही, हळूहळू अंश-अंश वाढवत ३० पर्यंत. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो (२५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० ला साधारण साडेसात), आणि फॉर्मेलिनही तो खातं, म्हणून जादा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावलाच पाहिजे. औषध थेट माशांवर ओतायचं नाही. मगभर टँकच्याच पाण्यात मिसळून फिल्टरच्या धारेत सोडायचं.

तापमान का वाढवायचं, हेही समजावलं. दिसतो तो ठिपका कातडीच्या आत बसलेला असतो, औषध त्याला काही करत नाही. तो पिकून गळतो, तळाला चिकटतो, फुटतो आणि त्यातून परजीवीची शेकडो पिल्लं पोहत निघतात. ती उघड्यावर असतात तेवढ्यातच औषध त्यांना मारतं. गरम पाण्यात हे चक्र भरभर फिरतं. म्हणून प्रत्येक मात्रेआधी वाळू सायफनने उपसून पाव पाणी बदलायचं, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही औषध थांबवायचं नाही, पुढे काही दिवस चालू ठेवायचं. ठिपके दिसेनासे झाले की लोक बाटली कपाटात टाकतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानात येतात, हे भैयांचं अगदी खरं आहे.

मी मीठ घालू का विचारलं, तर कॉरी आणि झाडं आहेत म्हणून नको म्हणाले. तांब्याचं औषध तर काउंटरवर आणलंच नाही, कारण आमच्याकडे गोगलगायी आहेत. बदलायचं पाणी नळाला येणारं नर्मदेचं असेल तर क्लोरीन काढून, आणि बोअरिंगचं असेल तर जपून, थोडं थोडं. माळव्याच्या काळ्या खडकातलं आपलं बोअरचं पाणी जड असतं, आजारी माशाला एका दिवसात एवढा फरक सोसत नाही.

औषध चालू असताना मी कूलींवर लक्ष ठेवून होते. एरवी दिवसभर वाळूत नाहीतर लाकडाखाली असतात. त्या भर दुपारी काचेवर वर-खाली धावायला लागल्या, किंवा कॉरी सारख्या वर येऊन हवा गिळायला लागल्या, तर औषध जास्त होतंय असं समजायचं आणि लगेच निम्मं पाणी बदलून कोळसा परत घालायचा. ती वेळ आली नाही. एक मोठी कूली रात्री हीटरच्या नळीला वेटोळं घालून पडलेली असायची, कल्ले संथ चालू, पट्टे स्वच्छ. ते बघून जीव भांड्यात पडला. सगळे मासे वाचले. काचेच्या जोडांतलं सिलिकॉन तेवढं हिरवट झालं, ते आता तसंच राहणार.

औषध हाताळताना हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना वापरायला युरोप-अमेरिकेत बंदी आहे ती उगीच नाही.

आता तक्रार. कोलकात्याहून आलेला नवा माल भैया मागच्या टँकांत वेगळा ठेवतात, लगेच विकत नाहीत, हे उत्तमच. पण पुढच्या टँकांमध्ये मदतीचा मुलगा एकच जाळी सगळीकडे फिरवतो. एका टँकमधला इच दुसऱ्यात जायला ओली जाळी पुरते. मी हे तोंडावर बोलले आहे, भैयांनी मान्यही केलं, पण परवा गेले तेव्हा जाळी तीच होती. म्हणून इथून घेतलेले मासेसुद्धा घरी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत भैयांना बोलायला सवड नसते. सकाळी जा, आणि टँकची लांबी, रुंदी, वाळूच्या वरची पाण्याची उंची आणि सगळ्या माशांची नावं कागदावर लिहून न्या.