कोन पान्यांचा संच (१३ ते १६ मिमी): हबसाठी उत्तम, पण एक पाना कमी

पेडल थांबवताच सायकल मंदावत असेल, तर आधी टायरची हवा आणि रिमला घासणारा ब्रेक शू पाहा. तिथे दोष नसेल तरच हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) कोन, म्हणजे आतले छर्रे जागेवर धरणारे शंकूच्या आकाराचे नट, जुळवायला हे पाने घ्या.

चाक उचलून हलकेच फिरवा. चांगल्या हबचं चाक थांबण्याआधी जड बाजू खाली आणत पुढेमागे झुलतं. कोन घट्ट असतील तर जागीच थबकतं. एक्सल (हबमधून जाणारा दांडा) बोटांनी फिरवा, खरखर लगेच कळते.

शिमानोच्या साध्या हबला बहुधा पुढे १३चा, मागे १५चा पाना लागतो. कोन धरून लॉकनट (कोनला जागी पक्का ठेवणारा बाहेरचा नट) सोडवा, कोन अष्टमांश फेरा सैल करा आणि तो तसाच धरून लॉकनट आवळा. कोनवरची पकड सुटली की तो नटबरोबर फिरून सगळं पुन्हा घट्ट होतं! क्विक रिलीज (लिव्हरने चाक आवळायची सोय) असेल तर किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, ठेवाच, लिव्हर दाबल्यावर तो जातो. खरखर राहिलीच तर छर्रे आणि ग्रीस बदला: प्रत्येक बाजूला पुढे ३/१६ इंची १०, मागे पाव इंची ९.

पाने पातळ आहेत, म्हणूनच कोनवर बसतात. त्यांनी पेडल खोलू नका, जबडा फाकतो. लॉकनटसाठी लागणारा १७चा पाना मात्र संचात नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.