“डिझेलमध्ये ऑइल लगेच काळं पडतं, साहेब”

ऑक्टोबर २०२४ मध्ये ६,६५० रुपये आणि १३ सप्टेंबर २०२५ रोजी ७,१०० रुपये, असे एकूण १३,७५० रुपये मी एकाच गॅरेजला इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्यासाठी दिले. या दोन्ही वेळी फिल्टरला कोणी हातही लावला नव्हता, हे मला ८ नोव्हेंबरला दुसऱ्याच एका मेकॅनिकच्या लिफ्टखाली उभे राहून कळले. ऑइलचे काय झाले असेल, हे वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. एखाद्याचे तरी पैसे आणि इंजिन वाचावे म्हणून हे लिहितो आहे. लिहिताना लाज वाटते, कारण माझी नोकरी हिशेब तपासण्याची आहे आणि दुसऱ्यांच्या व्हाउचरवरची खाडाखोड मी लांबून ओळखतो.

माझी गाडी मार्च २०२१ मध्ये घेतलेली बीएस-६ डिझेल आहे. तीन वर्षांची वॉरंटी असेपर्यंत सर्व सर्व्हिसिंग मी अधिकृत केंद्रातच केले. शेवटचे सप्टेंबर २०२३ मध्ये, ३०,२०० किलोमीटरला. वॉरंटी संपल्यावर त्याच केंद्राने पुढच्या सर्व्हिसिंगसाठी ११,६०० रुपयांचा अंदाज दिला आणि त्यात मला नको असलेली तीन कामे घातली होती. म्हणून मी बाहेरचे गॅरेज शोधले. मी स्वस्ताच्या मागे लागलो असे कोणी म्हणू नये. फरशी घातलेली स्वच्छ जागा, दोन लिफ्ट, काचेची केबिन आणि गणवेशातली मुले असलेले हे गॅरेज होते, आणि माझ्या कार्यालयातले दोघे तिथे गाड्या नेत होते.

ऑइल कोणते घालायचे, हेही मला माहीत होते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आणि एसीईए सी३ (ऑइलचा युरोपीय दर्जा) असे स्पष्ट लिहिले आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनातला पातळपणा दाखवतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा. सी३ हा दर्जा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, असलेल्या गाड्यांसाठीचा आहे, कारण त्या ऑइलची राख कमी होते; जास्त राखेचे ऑइल घातले तर ती राख डीपीएफमध्ये साचत जाते आणि कोणत्याही उपायाने जळून जात नाही. “आपल्याकडे गरमी असते, जाड ऑइल टाका” असे सांगणारा मेकॅनिक भेटला की तिथून गाडी काढावी. या गॅरेजच्या मालकाने तसे काही म्हटले नाही, उलट सी३ छापलेला डबा स्वतः पुढे केला, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच.

सप्टेंबरचा हिशेब असा होता: ऑइल पाच लिटर, ८९० रुपये दराने ४,४५०, फिल्टर ४८०, इंजिन आतून धुण्याचे फ्लश ६५०, ऑइलमध्ये घालायचे अ‍ॅडिटिव्ह ७५०, मजुरी ८००. एकूण ७,१३०, त्यातले वरचे तीस रुपये सोडले. फ्लश आणि अ‍ॅडिटिव्ह यांची नियमित सर्व्हिसिंगमध्ये काहीही गरज नसते, हे मॅन्युअल वाचणाऱ्याला कळते, आणि मला ते कळत असूनही मी हो म्हटले, कारण समोरचा माणूस अदबीने बोलत होता. पक्के बिल मागितले तर जीएसटी वरून लागेल असे सांगितले. मी कच्च्या बिलावर समाधान मानले आणि पैसे मालकाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआयने पाठवले. ही चूक मला पुढे सर्वांत महागात पडली. कोणत्याही परिस्थितीत पक्के बिल घ्या आणि त्यावर ऑइलची ग्रेड, लिटर, फिल्टरचा नंबर आणि गाडीचे किलोमीटर लिहून घ्या.

आता तो क्षण, जो आठवला की अजूनही रात्री झोप उडते.

त्यांनी माझ्यासमोर सीलबंद डबा फोडला. झाकणाची कडी तुटताना मी पाहिली आणि फोटोही काढला. मग “अंगावर ऑइल उडेल, साहेब, आत बसा, चहा सांगतो” असे म्हणून मला केबिनमध्ये बसवले. केबिनच्या काचेतून गाडीचा पुढचा भाग दिसत होता, पण बॉनेट उघडे असल्याने त्यामागे काय चालले आहे ते दिसत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांनी बोलावले. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, ओढली, मुलाच्या हातातल्या फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून बाहेर काढली. टोकावरचे ऑइल काळेभोर होते. मी विचारले, “हे काळं कसं?” फोरमन शांतपणे म्हणाला, “डिझेलमध्ये ऑइल लगेच काळं पडतं, साहेब.”

हे वाक्य खरे आहे. डिझेल इंजिनात काजळी असते, जुन्या ऑइलचा थोडा अंश आतच राहतो आणि नवे ऑइल काही मिनिटांत काळे होते. मी ते आधी अनेकदा वाचले होते, त्यामुळे मान डोलावली, पैसे पाठवले, गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली.

मी किल्ली फिरवली, म्हणजे तोपर्यंत इंजिन सुरूच झालेले नव्हते. गाडीची किल्ली मी आल्यापासून माझ्या खिशात होती. गाडी लिफ्टवरही मीच नेऊन लावली होती. जे इंजिन एकदाही फिरले नाही, त्यात ओतलेले ताजे ऑइल काळेभोर होऊच शकत नाही. फार तर थोडे मळकट दिसेल, पण मधाचा रंग त्यातून दिसायलाच हवा. किल्ली हातात असलेला माणूस मी होतो, डिपस्टिक पुसणारा मी होतो, आणि तरीही त्या दोन गोष्टी मी एकत्र जोडल्या नाहीत. त्यांनी खऱ्या माहितीचाच आधार घेऊन मला खोटे सांगितले. मला काहीच माहीत नसते तर कदाचित मी आणखी दोन प्रश्न विचारले असते. तुम्ही एवढे करा: ऑइल भरून झाल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, स्वतःच्या हाताने डिपस्टिक पुसून पाहा. डिझेल गाडीत नंतर पाहण्यात काही अर्थ नाही.

दुसरी खूणही समोर होती. मी जुना फिल्टर मागितला तेव्हा त्यांनी ट्रेमध्ये पत्र्याच्या डब्यासारखा, आट्यांनी बसणारा काळा फिल्टर आणून दाखवला. माझ्या इंजिनात तसा फिल्टर बसतच नाही. त्यात वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या घरात कागदी फिल्टर असतो. मला हे तेव्हा माहीत नव्हते, आणि प्रत्येक गाडीवाल्याला ते माहीत असावे अशी अपेक्षा करणे योग्यही नाही, पण आता सांगतो की आपल्या गाडीचा फिल्टर कसा दिसतो ते आधी बघून ठेवा.

नोव्हेंबरमध्ये पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली, म्हणून घराजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि विचारले, “ऑइल कधी बदललंय?” मी म्हटले, दोन महिने झाले. ते काही बोलले नाहीत, फक्त मला खाली बोलावले. इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या स्क्रूंच्या खाचांमध्ये लाल माती भरून सुकली होती. ऑगस्टच्या शेवटी गणपतीला आम्ही उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो आणि पुढे गुहागर तालुक्यातल्या गावी गेलो, तिथल्या जांभ्याच्या वाटेवरची ती माती होती. आवरण काढल्यावर, जुने ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टच्या कडांवरही तीच माती बसलेली होती. त्यांनी नखाने थोडी खरवडून माझ्या तळहातावर ठेवली. “पाना लागला असता तर ही राहिली असती का?”

तरी मी त्या गॅरेजची बाजू घेतली. काही ठिकाणी डिपस्टिकच्या नळीतून मशीनने ऑइल ओढून काढतात, हे मी ऐकले होते. ते म्हणाले, मग फिल्टर बघू. फिल्टरचे घर उघडले. आतल्या कागदाच्या घड्या आत दबून एकमेकींना चिकटल्या होत्या, रबरी रिंग चपटी आणि कडक झाली होती, आणि फिल्टरवर गाडीच्या कंपनीचे नाव व नंबर स्पष्ट वाचता येत होता. माझ्या दोन्ही कच्च्या बिलांवर वेगळ्याच कंपनीचा फिल्टर लिहिला होता. म्हणजे हा सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृत केंद्राने बसवलेला फिल्टर होता आणि ३०,२०० पासून ५३,००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे २२,८०० किलोमीटर, तोच काम करत होता.

बोल्ट काढल्यावर जे बाहेर आले त्याला डिझेलचा वास येत होता. डीपीएफ साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा जादा डिझेल सोडले जाते आणि त्यातले थोडे ऑइलमध्ये उतरते. शहरात कमी अंतर फिरणाऱ्या गाडीत हे अधिक होते, म्हणून अशा गाडीचे ऑइल वेळेवर बदलणे फार आवश्यक असते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर होता. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बो याच ऑइलवर एका बारीक नळीतून जगत असतो. त्या दिवशी मी ६,०२० रुपये भरले: ऑइल ४,७२०, फिल्टर ५५०, मजुरी ६००, बोल्टचा वॉशर ४०, आवरणाच्या क्लिपा ११०. आतली घाण एका फेरीत निघणार नाही, म्हणून ३,००० किलोमीटरनंतर पुन्हा बदलायला सांगितले आहे. हा खर्चही माझाच.

फिल्टर पिशवीत घालून मी त्या गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाला, “आम्ही वरून मशीननं ओढतो, बोल्ट खोलतच नाही.” फिल्टर टेबलावर ठेवला तेव्हा म्हणाला, “हा तुमच्याच गाडीचा कशावरून?” शेवटी पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये २,००० रुपये वजा करण्याची तयारी दाखवली. मी उठून आलो.

त्यानंतर जे झाले त्याचा राग मला गॅरेजवाल्यापेक्षा कमी नाही. पोलिस चौकीत अडीच तास बाकावर बसवल्यानंतर सांगण्यात आले की हा दिवाणी मामला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि न केलेल्या कामाचे, न घातलेल्या वस्तूचे पैसे खोटे सांगून घेणे यापेक्षा स्पष्ट फसवणूक कोणती असते, असे मी विचारले, तर “ऑइलसाठी एफआयआर करायचा का, साहेब?” असे उत्तर मिळाले. अर्ज घेतला, पण पोच देण्यासाठी दुसऱ्या दिवशी बोलावले. दुसऱ्या दिवशी वेगळेच अधिकारी होते. त्यांनी ऑइल बदलले नव्हते असे कंपनीचे पत्र आणायला सांगितले. अधिकृत केंद्राने तपासणीचे १,१८० रुपये घेतले, फिल्टर आपणच बसवलेला आहे हे तोंडी मान्य केले, आणि बाहेर काम झालेल्या गाडीबद्दल लेखी काही देत नाही म्हणून हात वर केले. सरकारी मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. अकरा दिवसांनी संदेश आला की समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. परिवहन कार्यालयात गेलो, तर गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. पालिकेत गेलो, तर ते फक्त दुकानाची जागा बघतात. चार कार्यालयांसाठी माझ्या सहा रजा गेल्या आणि गॅरेजच्या मालकाला एका फोनचाही त्रास झाला नाही. रोज कितीतरी गाड्या तिथे लिफ्टवर चढतात, आणि त्या माणसाला एक प्रश्न विचारण्याचे काम आपले आहे असे एकाही टेबलावर कोणाला वाटत नाही.

वकिलांनी १५,००० रुपये फी सांगितली, म्हणजे बुडालेल्या रकमेपेक्षा जास्त. पण ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणून तक्रार मी स्वतः लिहिली. पुराव्यात यूपीआयच्या दोन नोंदी, दोन कच्ची बिले, लाल मातीचे सात फोटो, आणि लिफ्टवर त्याच दिवशी काढलेला व्हिडिओ आहे, ज्यात गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा आणि फिल्टर बाहेर येताना एकाच चित्रणात सलग दिसतो. हा व्हिडिओ काढण्याचे त्या मेकॅनिकनेच सुचवले. कोणतीही वस्तू सुटी करण्याआधी चित्रण सुरू करा; नंतरचे फोटो कोणी मानत नाही.

आणखी एक. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका. तो तुमच्या पैशाचा आहे. घरी आणा आणि भंगारात देण्यापूर्वी खिळ्याने भोके पाडा, नाहीतर त्यातच सुटे ऑइल भरून तो पुन्हा कोणालातरी विकला जाईल. माझ्यासमोर फोडलेला तो भरलेला डबा, ज्याचे ४,४५० रुपये मी दिले, तो पुढे कोणाच्या गाडीत गेला हे मला माहीत नाही. फिल्टर मी त्याच पिशवीत, वर तारीख आणि त्या मेकॅनिकची सही घेऊन, कपाटात ठेवला आहे. घरभर त्याचा वास येतो म्हणून पत्नीने तो दोनदा बाहेर ठेवायला सांगितले. सुनावणी होईपर्यंत तो तिथून हलणार नाही.